पोटातली सेफ्टी पिन

गल्लीत त्यांना सगळे अस्वलवाल्या बाई म्हणत. नवा पोस्टमन पहिल्यांदा पार्सल घेऊन आला, तेव्हा शेजारणीने त्याला सांगितलं, तिसरं दार, अस्वलवाल्या बाईंचं. त्या माणसाने दार वाजवलं आणि दोन पायऱ्या उतरून लांब उभा राहिला. पार्सलवर 'काचेचे डोळे, बारा जोड' असं लिहिलेलं होतं, त्यानेही त्याला काही धीर आला नाही.

बाई कापडाची अस्वलं बनवत, मान आणि हातपाय फिरणारी. मात्र कुणी त्यांना खेळणी म्हटलं, की बाईंच्या कपाळाला आठी पडे. खेळणी दुकानात मिळतात, डझनाने. बाईंचं अस्वल वर्षाला एक व्हायचं, फार तर दोन. ते जायचं ते थेट कुणातरी हौशी संग्राहकाच्या काचेच्या कपाटात. तेहतीस वर्षांत चव्वेचाळीस झाली होती आणि त्यातली एका चेहऱ्याची दोन नव्हती. बाईंची सगळी ऐट या एका गोष्टीवर उभी होती.

कामाची रीत ठरलेली. आधी जाड खाकी कागदावर अस्वलाचा एकेक भाग काढायचा, कापायचा. डोक्याचे तीन, कानांचे, पोटाचे, पाठीचे, हातापायांचे मिळून बावीसेक कागद होत. प्रत्येकाला भोक पाडून ते एका सेफ्टी पिनेत ओवायचे आणि तो झुबका खिडकीजवळच्या खिळ्याला टांगायचा. मग बकरीच्या केसांचं लवदार कापड उलटं पसरून त्यावर कागद ठेवून आखायचं. लव वरून खाली वाहिली पाहिजे, नाहीतर अस्वल कुणीतरी उलटं विंचरल्यासारखं दिसतं. कात्रीचं नुसतं टोक चालवायचं, म्हणजे कापड कापलं जातं, लव नाही. डोळ्यांची जागा टाचण्या खोचून ठरवायची. डोळे गव्हाच्या दाण्याएवढे खाली सरकले तरी अस्वलाचा स्वभाव बदलतो, असं बाई म्हणायच्या आणि एका जोडीवर तीन तीन दिवस घालवायच्या. टाचण्या चाळीस. संध्याकाळी मोजून डबीत. एकोणचाळीस भरल्या तर चाळिसावी सापडेपर्यंत जेवण नाही.

अस्वल पुरं झालं, की डाव्या तळपायावर रेशमाने 'एकमेव' असं भरायचं आणि त्याखाली सही. आणि मग शेवटचं काम. खिळ्यावरचा कागदांचा झुबका काढून तो जाळायचा, म्हणजे तसं दुसरं अस्वल बाईंनी ठरवलं तरी होणार नाही. हे काम मात्र बाईंच्या हातून व्हायचं नाही. चार-सहा महिने ज्या कागदांबरोबर काढले त्यांना काडी लावायची म्हटलं, की त्या काडेपेटी परत फळीवर ठेवून द्यायच्या. म्हणून त्या झुबका नवऱ्याच्या हातात द्यायच्या. "हे घ्या. जाळून टाका."

नवरा घड्याळजी होता. दोन गल्ल्या पलीकडे त्याचं दुकान होतं, एका माणसाने वळायचं म्हटलं तर दुसऱ्याने बाहेर यावं एवढं. तो कमी बोले आणि डाव्या हाताने काम करे. बाईंच्या अस्वलांचे सांधे तोच बसवायचा. प्रत्येक सांध्यात दोन लाकडी चकत्या, मधून पितळी बोल्ट, आणि चकती घासू नये म्हणून मोडक्या गजराच्या घड्याळातलं एकेक दातेरी चक्र. त्या सांध्यांना ना आवाज ना ढिलाई. बोटाने मान जिथे वळवाल तिथे राहायची. आठ वर्षांपूर्वी घड्याळजी गेला. तेव्हापासून बाई बाजारातल्या चकत्या वापरत आणि कागद स्वतःच, तोंड फिरवून, गॅसवर जाळत. नव्या अस्वलांच्या माना वळवताना जरा कुरकुरत, पण त्याबद्दल बाईंना कुणी कधी बोललं नव्हतं.

तर त्या मंगळवारी सकाळी डॉक्टर आले.

हे डॉक्टर जनावरांचे. दिवसभर कुत्र्यामांजरांची नखं कापून संध्याकाळी घरी आपल्या कपाटासमोर बसणारा, सरळ आणि थोडा ताठ माणूस. संग्राहकांच्या मंडळाचे ते सचिव होते. बाईंची पाच अस्वलं त्यांच्याकडे होती आणि पुढच्या महिन्यात भरणाऱ्या मंडळाच्या प्रदर्शनात एक अख्खं दालन बाईंच्या कामाला द्यायचं, हा ठरावही त्यांनीच मांडला होता. अजून कुणा करणाऱ्याला असं दालन मिळालेलं नव्हतं. बाईंनी त्यासाठी नवी साडी घेऊन ठेवली होती आणि ती कुणाला दाखवली नव्हती.

डॉक्टरांच्या हातात मांजरं न्यायचा पिंजरा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, दार उघडलं आणि आतून दोन अस्वलं काढून शेजारी शेजारी बसवली.

"बाई, हे काय आहे ते मला सांगा."

पहिलं बाईंनी लगेच ओळखलं. मधाच्या रंगाचं, खालचा ओठ जरासा पुढे, नजर जमिनीकडे. त्यांचं नववं. मंडळात त्याला 'रुसकं' म्हणत, आणि बाईंचं सगळ्यात नावाजलेलं काम तेच. दुसरं जास्त झिजलेलं होतं. कोपरावरची लव उडालेली, एक कान मोठा, एक लहान. पण रंग तोच, ओठ तोच आणि रुसवाही तोच.

"हे कुठे मिळालं?" बाईंनी विचारलं.

"रविवारच्या जुन्या बाजारात. कुलपं आणि इस्त्र्यांच्या ढिगात बसलं होतं. आधी वाटलं कुणीतरी फोटो बघून केलंय. पण फोटो बघून एवढं जुळत नाही. म्हणून मी हे केलं."

त्यांनी पाकिटातून दोन एक्स-रे काढले आणि खिडकीच्या काचेला लावून धरले. गेल्या आठवड्यात दवाखान्यात एक कासव, दोन बोके आणि ही दोन अस्वलं असे पाच जण एक्स-रेच्या टेबलावर आडवे झाले होते, असं त्यांनी न हसता सांगितलं. दोन्ही चित्रांत पाच पाच ठिकाणी, मानेत, खांद्यांत आणि मांड्यांत, दातेरी चक्रं स्पष्ट दिसत होती.

"ही चक्रं तुमच्याच अस्वलांत असतात. इतर कुणाच्या नाही. म्हणजे हे दुसरं या घरातून गेलंय."

बाईंनी दोन्ही एक्स-रे पुन्हा निरखून पाहिले. "मी केलेलं नाही."

"तसं असेल तर बरंच झालं." डॉक्टर खुर्चीवर बसले. "तुमच्या मिस्टरांच्या दुकानात दहा जण येत-जात असतील. कुणीतरी कागद लाटले, चक्रं लाटली आणि नक्कल केली. तुम्ही तसं दोन ओळींत लिहून द्या. मंडळाचा नियम तुम्हाला माहीत आहे. नक्कल ठरली की तिचा उजवा कान सचिवाने स्वतः कापायचा, म्हणजे ती पुन्हा खरी म्हणून विकली जात नाही. विषय संपला. पण हे तुमच्याच हातचं निघालं, तर 'एकमेव' या शब्दाला काय अर्थ राहिला? बाकीच्या त्रेचाळीस अस्वलांच्या मालकांनी उद्या मला विचारलं, की आमचंही दुसरं कुठे बसलंय का, तर मी काय सांगू? दालन तर गेलंच."

"शनिवारपर्यंत वेळ द्या," बाई म्हणाल्या. "ठेवून जा हे. बघते मी."

"नीट बघा. आणि त्याच्या पोटात बघा काय राहिलंय." त्यांनी एक्स-रेवर बोट ठेवलं. दुसऱ्या अस्वलाच्या पोटात, बरोबर मध्ये, एक सेफ्टी पिन दिसत होती. उघडलेली. "हे तर तुमच्यासारख्या माणसाचं कामच नव्हे. म्हणूनही मला ती नक्कल वाटते."

डॉक्टर रुसकं पिंजऱ्यात घालून घेऊन गेले. दुसरं टेबलावर राहिलं, शेजारी एक्स-रेचं पाकीट.

बाईंनी चहा केला आणि तो निवून गेला तरी प्याल्या नाहीत. मग त्यांनी अस्वल खिडकीच्या उजेडात घेतलं आणि डोक्यापासून तपासायला लागल्या. परक्याचं काम तपासायला माणसाला नेहमीच जरा बरं वाटतं, तसं त्यांनाही पहिली पाच मिनिटं वाटलं. उजव्या हाताची लव वरच्या दिशेने होती. तो कागद उलटा ठेवून कापला होता, नवशिक्याची पहिली चूक. नाकाचे रेशमी टाके एकसारखे नव्हते. कापड मात्र त्यांचंच. त्या ताग्याचा तुकडा दुसऱ्या कुणाकडे असणं शक्य नव्हतं. सांधे निर्दोष होते. त्यांनी मान वळवली. आवाज नाही.

मग त्यांनी अस्वल पालथं केलं.

भुसा भरून झाला, की पाठीची शिवण बाहेरून हाताने बंद करावी लागते. ती मशीनवर होत नाही, आणि त्या शिवणीत प्रत्येकाचा हात दिसतो. बाईंचे टाके उजवीकडून डावीकडे जात. हे डावीकडून उजवीकडे गेले होते आणि प्रत्येक टाका उलटा कलला होता. सहा इंचांची शिवण, एकसष्ट टाके. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस शिवायला बसला, तर असे शिवेल. बारीक, घट्ट आणि सगळे वाकडे.

बाईंना राग आला. आठ वर्षं फोटोतून बघणाऱ्या माणसाचा इतका राग येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब तरी कुणाच्या नावाने मारायची? "जाळलं का?" असं विचारलं तर तो दरवेळी मान हलवायचा. त्या हलणाऱ्या मानेवर त्यांनी चव्वेचाळीस, म्हणजे त्यातल्या छत्तीस अस्वलांची इभ्रत टांगली होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

आणि राग ओसरण्याआधीच दुसरा विचार आला, तो तितकासा चांगला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची. घड्याळजी आता काही बोलायला येणार नाही. दोन ओळी लिहायच्या, एक कान जाईल, तोही कापडाचा. दालन राहील आणि साडीही नेसता येईल.

त्यांनी कागद घेतला. "सदर अस्वल ही नक्कल असून" इथपर्यंत लिहिलं आणि पेन ठेवून लेकीला फोन केला.

लेक बस चालवायची. अडतीस वर्षांची, खड्या आवाजाची, सरळ रस्त्याने जाणारी आणि दुसऱ्यानेही तसंच जावं असं वाटणारी. आईच्या अस्वलांशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. घरी आली तरी त्या खोलीत ती सहसा शिरत नसे. बाईंना ते लागायचं, पण त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ड्युटी संपवून ती गणवेशातच आली, दारात बूट काढले आणि टेबलाकडे तिचं लक्ष गेलं.

"अगोबाई!" एवढंच म्हणाली. मग तिने अस्वल उचललं आणि त्याचा मोठा कान दोन बोटांत धरून चोळला. कितीतरी वर्षांची सवय असावी तसा. "कुठे सापडलं हे?"

"तुला माहीत होतं?"

"माझंच आहे, आई."

बाई खुर्चीत बसल्या. लेक उभीच राहिली.

"तू नववं करत होतीस ना, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला वाटलं, नऊ वर्षांची मी, नववं अस्वल, म्हणजे माझंच. रोज शाळेतून आल्यावर बघायचे. आणि एक दिवस ते खोक्यात घालून गेलं."

"तू कधी मागितलंस?"

"मागितलं होतं. तू म्हणालीस, हे खेळायचं नसतं. दुसरं तसंच कर म्हटलं, तर म्हणालीस, एकाचं दुसरं होत नसतं. मी आठवडाभर बोलले नाही. तुला आठवतही नसेल."

बाईंना आठवत नव्हतं. त्या वेळी त्या दहाव्याच्या डोळ्यांच्या जागा ठरवत असतील.

"बाबांनी चार महिने घेतले," लेक म्हणाली. "दुकानात, गिऱ्हाईक नसताना. डोळ्याला भिंग लावून शिवायचे. कान मोठा झाला तेव्हा म्हणाले, उसवू का? मी म्हटलं, राहू दे, या कानाने त्याला जास्त ऐकू येईल. ते घरी आणायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. ते दुकानातच राहायचं, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाच्या रिकाम्या पेटीत. शाळा सुटली की मी तिकडे. तुला वाटायचं मी बाबांना मदत करते."

आधी दोघांनी मिळून आणि मग लेकीने एकटीने, एकोणतीस वर्षं ताकास तूर लागू दिली नव्हती. बाईंना हसावं की रडावं कळेना. "मग ते बाजारात कसं गेलं? तूच दिलंस कुणाला?"

लेकीने अस्वल टेबलावर ठेवलं. "आई, दुकान कुणी रिकामं केलं?"

बाईंनीच केलं होतं. घड्याळजी जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्यांनी दुकानाची किल्ली जुनं सामान घेणाऱ्याच्या हातात ठेवली होती आणि म्हणाल्या होत्या, सगळं घेऊन जा, मला काही दाखवू नका. एकही पेटी उघडायची त्यांची छाती झाली नव्हती. भिंतीवरचं मोठं घड्याळही त्यातच गेलं.

"मी दोन दिवसांनी गेले तर नुसत्या भिंती," लेक म्हणाली. "सहा महिने शोधलं. जुन्या सामानाची दुकानं पालथी घातली. त्या माणसाने कुणाला विकलं ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं."

"मला का नाही बोललीस?"

"बोलले असते, तर बाबा उघडे पडले असते. गेल्यावर कशाला?" तिने नाक ओढलं. "आणि तू तेव्हा बोलण्यासारखी होतीस कुठे."

मग बाईंनी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. दालन, दोन ओळी, कान. लेकीने टेबलावरचा अर्धा लिहिलेला कागद वाचला. ठेवताना तो पालथा ठेवला. बाईंना त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"ही पिन कसली?" बाईंनी एक्स-रे दाखवला. "ते टाचणी हरवणारे नव्हते. चिमट्याने केसाएवढा स्क्रू शोधणारा माणूस."

"माहीत नाही. पोट शिवताना मला बाहेर बसवलं होतं."

बाईंनी उसवायची कात्री घेतली. एकसष्ट टाके एकेक करून कापायला त्यांना बराच वेळ लागला, कारण ते खरंच घट्ट होते. वरचा भुसा काढला. त्याखाली जुन्या रुमालाचा तुकडा आणि त्यात गुंडाळलेला खाकी कागदांचा झुबका. नवव्या अस्वलाचे बावीसच्या बावीस कागद, बाईंच्याच सेफ्टी पिनेत ओवलेले, खिळ्यावरून काढून दिले तसे. पिन दाबली जाऊन उघडली होती.

पोटाच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाला चिठ्ठी बांधतात, त्यावर लिहावं तसं तुटक: 'एकच केलं, चिमणीसाठी. कागद आतच ठेवले. तिसरं होणार नाही.'

बाईंनी ते वाचलं आणि लेकीकडे दिलं. लेकीला चिमणी म्हणणारं आता कुणी राहिलं नव्हतं. दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसून रडल्या, फार वेळ नाही. मग लेकीने उठून दिवा लावला आणि बाईंनी सांडलेला भुसा गोळा करून वाटीत भरला.

"बाकीचे जाळले का त्यांनी?" बाईंनी विचारलं. "खरं सांग."

"सगळे. दुकानामागे पत्र्याच्या डब्यात. काडी मी लावायचे. तेव्हा मला ती मोठी मजा वाटायची."

शनिवारी डॉक्टर वेळेवर आले. पिंजऱ्यात रुसकं होतं, आणि दुसऱ्या हातातल्या चामडी पिशवीत मंडळाची कान कापायची कात्री. लेक सुट्टी घेऊन आली होती आणि दाराला टेकून उभी होती. तिच्याकडे बघून डॉक्टर जरा सावरून बसले. रस्त्यावर बस चालवणाऱ्या बाईसमोर सगळेच जरा सावरून असतात.

"लिहिलंत का?"

"लिहिलं होतं. फाडलं." बाईंनी पोट उघडं असलेलं अस्वल, रुमाल, कागद सगळं समोर मांडलं. "नक्कल नाही. माझ्या नवऱ्याने केलंय, माझ्या कागदांवरून. मी जाळायला दिले होते, ते त्याने जाळले नाहीत. मला चार दिवसांपूर्वी कळलं. दोन आहेत, डॉक्टर. मी तुम्हाला एकमेव म्हणून दिलं ते एकमेव नाही."

डॉक्टरांनी पेन्सिलीची ओळ दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाकीच्यांचं काय?"

"बाकीचे कागद जळताना मी पाहिलेत," लेक म्हणाली. "लहानपणापासून. शपथेवर सांगेन."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवीन. समिती ठेवणार नाही." ते कष्टाने बोलत होते. "बाई, मला हे समितीला सांगावं लागेल. दालन राहणार नाही."

"सांगा," बाई म्हणाल्या. "मला फार हवं होतं ते दालन. साडीसुद्धा घेतली होती. पण राहिलं."

मग डॉक्टर म्हणाले, "कानाचा प्रश्न उरतो," आणि त्यांनी कात्री काढून टेबलावर ठेवली. नियमाचा माणूस. लेक दारापासून दोन पावलं पुढे आली. बाईंनी तिला हाताने थांबवलं.

"एक विचारते. त्या दिवशी काचेला लावून तुम्ही मला काय दाखवलंत? चक्रं. ती कुणी बसवली?"

"तुमच्या मिस्टरांनी."

"दोन्हींत त्यांनीच. तुमच्याकडे माझी पाच आहेत, त्या पाचांतही त्यांनीच. छत्तीस अस्वलांची हाडं त्यांची आणि पायावर सही माझी एकटीची. मला तेहतीस वर्षांत कधी वाटलंही नाही, की त्यांचंही नाव घालावं. त्यांनी मागितलंही नाही. आता त्यांच्या एका अस्वलाचा कान नक्कल म्हणून मी कसा कापू देऊ? असं बघायला गेलं तर माझ्या सगळ्यांचेच कापावे लागतील."

डॉक्टरांनी उघड्या पोटाचं अस्वल हातात घेतलं. जनावर तपासावं तसा त्याचा एक पाय फिरवला, मग दुसरा, मग मान. कान देऊन ऐकलं.

"गेल्या काही वर्षांतली तुमची कुरकुरतात," ते म्हणाले. "मी बोललो नव्हतो."

"मला माहीत आहे."

त्यांनी कात्री परत पिशवीत ठेवली. "नियमात लिहिलंय, परक्याने केलेली नक्कल. हा परका नव्हता." मग त्यांनी पिंजऱ्यातून रुसकं काढलं आणि त्याचा डावा पाय बाईंसमोर धरला. इंजेक्शन द्यायच्या वेळी कुत्र्याचा पाय धरतात तसा, घट्ट. "तो शब्द काढा. खोटा शब्द घेऊन मला ते कपाटात ठेवता येणार नाही."

बाईंनी 'एकमेव'चे रेशमी टाके एकेक करून उसवले. एकोणतीस वर्षांनी ते निघताना खाली कापडावर शब्दाचा ठसा राहिला. त्याच जागी त्यांनी 'पहिलं' असं भरलं. डॉक्टर पाय धरून बसून राहिले. अधूनमधून त्यांचे ओठ हलत होते, बहुधा समितीला काय सांगायचं याची जुळवाजुळव चालली असावी.

जाताना त्यांनी रुसकं पिंजऱ्यात ठेवलं, एक्स-रेचं पाकीट घेतलं, पिशवी घेतली, छत्री घेतली. टेबलावरचं दुसरं अस्वल तेवढं घेतलं नाही. बाईंनी दारातून हाक मारली, तर हात वर करून म्हणाले, "पेशंट अजून उघडा आहे. असा कसा नेऊ?" आणि जिना उतरून गेले. डॉक्टर विसरभोळे नव्हते, आणि ते पुन्हा न्यायला आलेही नाहीत.

बाईंनी कागदांचा झुबका उचलला. नेहमीच्या सवयीने गॅसकडे बघितलं. मग पिन नीट मिटवली, कागद रुमालात गुंडाळले आणि होते तसे पोटात ठेवले. भुसा ठासून भरला. सुईत दोरा ओवून शिवायला घेणार तोच लेकीने हात पुढे केला.

"दे. मी करते."

तिने आजवर या खोलीत सुई धरली नव्हती. तिने ती डाव्या हातात घेतली आणि डावीकडून सुरुवात केली. बाई बघत राहिल्या. चौथ्या टाक्याला त्यांना राहवलं नाही.

"वाकडे येताहेत."

"आधीचे कुठे सरळ होते?"

लेकीने शिवण पुरी केली, गाठ मारली आणि अस्वल आईकडे दिलं. त्याचे दोन्ही तळपाय कोरे होते. बाईंनी डावा पाय गुडघ्यावर घेतला आणि 'दुसरं' असं भरलं. त्याखाली त्यांचा हात आपोआप स्वतःच्या सहीकडे वळला. तिथे तो थांबला. मग त्यांनी दोरा बदलला आणि आयुष्यात पहिल्यांदा अस्वलाच्या पायावर नवऱ्याचं नाव घातलं, जरा सावकाश, कारण ती अक्षरं हाताला सवयीची नव्हती.